निराश हो, निर्मम हो आणि लढ? (गीता ३.३०)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला तिसावा. सकाळी नेहमीसारखा अन्वय लिहायला घेतला आणि हसूच आलं. या एका श्लोकात असे शब्द आहेत, की आजच्या मराठी माणसानं ते कानावर पडतील तसे घेतले तर भगवंतांचा सल्ला असा होईल: निराश हो, निर्मम हो, आणि लढ. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधारण असेच सल्ले मिळतात.

संस्कृतात प्रकरण वेगळं आहे. 'निराशी' म्हणजे फळाकडे डोळे लावून न बसलेला. उदास नव्हे. 'निर्मम' म्हणजे 'हे माझं, ते माझं' सुटलेला. निर्दयपणाशी त्याचा संबंध नाही. आणि तिसरा शब्द, माझा सगळ्यात आवडता, 'विगतज्वर'. ज्याचा ताप उतरलाय तो. शंकराचार्य भाष्यात या ज्वराचा अर्थ संताप आणि शोक असा लावतात. इथे परत गंमत बघा. संस्कृतात संताप म्हणजे आतली होरपळ. मराठीत आपण तो शब्द रागासाठी ठेवून दिला. अनुभव विचाराल तर दोन्ही अर्थ एकाच भांड्यात शिजतात.

श्लोकाचा आशय असा: सगळी कर्मं माझ्यावर सोपव, चित्त आत्म्याशी लावून ठेव, आशा सोड, ममत्व सोड, ताप उतरव आणि लढ. आता यात आज्ञा कुठली ते बघा. 'लढ' ही आहे. बाकीचे सगळे शब्द लढणारा कसा असावा एवढंच सांगतात. 'जाऊ दे, सोडून दे' असं या श्लोकात कुठेही नाही.

एरवी मी इथे दोन परिच्छेदांत आवरतं घेतो. आज लांबणार आहे, कारण हा श्लोक आमच्या घरी गेले चार महिने मुक्कामाला आहे.

आमचा फ्लॅट पुण्यात, वीस वर्षं जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जुन्या पद्धतीचं बाथरूम तिला झेपेना. म्हणून दोन्ही बाथरूम नवी करायची, आईच्या बाथरूममध्ये कमोड आणि धरायला दांडे बसवायचे, सोबत स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा, असं ठरलं. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतूनच मिळाला. ६,२०,००० रुपयांचं काम. करार लेखी, टप्पे ठरलेले: सुरुवातीला ४० टक्के, बाथरूमच्या फरशा बसल्या की ३० टक्के, उरलेले काम संपल्यावर. पहिले दोन टप्पे मिळून ४,३४,००० रुपये त्याच्या खात्यात गेले. त्यातले दीड लाख आईच्या एफडीचे होते.

दुसरा हप्ता पोचला आणि माणूस विरळ होत गेला. आधी 'सर, टेन्शन नका घेऊ, उद्या दोन माणसं पाठवतो'. मग 'गावाकडं मयत झालंय'. मग मटेरियलचे भाव वाढले म्हणून ९०,००० जादा मागितले. मग फोन उचलणं बंद. ओटा तोडून ठेवलेला, ग्रॅनाइट आलेलंच नाही. पॅसेजमध्ये राडारोड्याची अठरा पोती. आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली.

आमच्या बाथरूमच्या खालून जी भिंत उतरते, तिच्या पलीकडच्या अंगाला त्यांचं छोटं देवघर आहे. भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटत होते. आजींनी विठोबाच्या तसबिरीला दुधाची पिशवी कापून, धुऊन, वरून लावली होती. 'तुला बोलायला नाही आले रे बाळा,' म्हणाल्या, 'पण बघून जा एकदा.' ती पिशवी मी विसरू शकत नाही.

ओळखीच्या एका सिव्हिल इंजिनियरनं येऊन पाहणी केली. बाथरूममध्ये फरशीखालचा स्लॅब खोलगट असतो, त्यात पाइप जातात, मग वॉटरप्रूफिंग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग फरशी. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही फूटभर चढवायचा असतो आणि नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती विशेष काळजी घ्यायची असते, कारण पाणी बहुतेक तिथूनच वाट काढतं. थर वाळला की पाणी भरून निदान दोन दिवस तसंच ठेवतात, खाली थेंब येतो का बघतात, आणि मगच पुढचं काम. आमच्याकडे, माझ्याच फोनमधल्या फोटोंच्या तारखांप्रमाणे, सोमवारी थर मारला आणि मंगळवारी कोबा पडला. टेस्टिंग न करता डायरेक्ट प्रॉडक्शन. आमच्या क्षेत्रात असं करणाऱ्याला निदान रात्री फोन तरी येतो. इथे फोन खालच्या आजींना आला.

इंजिनियरच्या हिशोबानं झालेलं काम २,६०,०००चं. म्हणजे १,७४,००० कामाशिवाय गेलेले. शिवाय आईचं बाथरूम परत फोडून करायचं तर ८५,००० वेगळे. दुसरं बाथरूम तर तोडूनच ठेवलेलं. तोवर आई वॉकर घेऊन शेजारच्यांकडे जाते. सदुसष्ट वर्षांची बाई, दिवसातून चार वेळा शेजाऱ्यांची बेल वाजवते आणि दर वेळी 'सॉरी हं' म्हणते.

आता ज्वराकडे येतो. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची लक्षणं सांगतो ती डॉक्टरला सांगावीत तशी आहेत. अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, धनुष्य हातातून निसटतंय, त्वचा जळतेय. मी हे पूर्वी काव्य म्हणून वाचायचो. या चार महिन्यांत केस पेपर म्हणून वाचलं. रात्री दोन वाजता त्याचं 'लास्ट सीन' बघायचं. तो ऑनलाइन दिसला की छातीत धडधड. चारशे शब्दांचा मेसेज लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. जपाची माळ हातात, आणि मण्यागणिक त्या माणसाचा चेहरा. पांडुरंगाच्या वाट्याचं एवढं एकाग्र चिंतन मी त्या कॉन्ट्रॅक्टरचं केलं. हिरण्यकश्यपूला वैरभक्तीतून मुक्ती मिळाली म्हणतात, त्या न्यायानं तो माझा तारणहारच ठरायचा.

अर्जुनाच्या तापानं त्याला लढण्यापासून रोखलं. माझा ताप उलटा, तो म्हणत होता आत्ताच जा, गाठ त्याला. दिशा वेगळी, पण थर्मामीटर एकच. आणि एक निरीक्षण सांगतो, पटतं का बघा. या चार महिन्यांत जी जी कामं खरोखर पुढे सरकली, त्यातलं एकही तापानं केलेलं नाही. फोटो तारखेप्रमाणे लावले, बँकेच्या नोंदी काढल्या, करार आणि चॅट यांची एक फाइल केली, इंजिनियरचा लेखी रिपोर्ट घेतला. हे सगळं एका रविवारी सकाळी, पूजा झाल्यावर, चहा पिता पिता झालं. तापानं फक्त झोप खाल्ली.

तुमच्यापैकी कोणी तरी विचारणार, की दादा, रागच नसेल तर लढायचं कशाच्या जोरावर? प्रश्न चांगला आहे. ज्यांनी रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर कॉलवर बसून काढलेत त्यांना उत्तर माहीत आहे. त्या कॉलवर एक जण ओरडत असतो, त्याला सगळे हळूच म्यूट करतात. आणि एक जण शांतपणे लॉग वाचत असतो. सकाळी सिस्टिम चालू होते ती त्या दुसऱ्यामुळे. तो कमी लढला का? तो ज्यांचं काम अडलंय त्यांच्यासाठी जागा होता, त्याला ओरडायला वेळ नव्हता.

या काळात सल्ले दोन प्रकारचे आले. पहिला प्रकार: एका भाऊंचं ऑफिस आहे, चार पोरं पाठवू, दोन दिवसांत पैसे. हा सल्ला मोडीत काढायला मला फार विचार करावा लागला नाही. ती चार पोरं उद्या दुसऱ्याच्या बाजूनं माझ्या दारात येऊ शकतात.

दुसरा सल्ला मात्र अवघड होता, कारण तो सत्संगातून आला आणि प्रेमानं आला. 'सोडून दे रे. मागच्या जन्मीचं देणं असेल, फिटलं म्हण. पैशासाठी कोर्टकचेरी करणारे आपण कोण? तुकोबांनी तर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली.'

मागच्या जन्मीच्या हिशोबाबद्दल माझं म्हणणं एवढंच, की त्या लॉगचा ॲक्सेस मला नाही. असेलही देणं. किंवा त्याचं माझ्याकडे नवीन देणं तयार होत असेल आणि मी ते वेळेत थांबवावं अशी योजना असेल. ज्या वहीचं पानच दिसत नाही, तिच्या आधारे या जन्मातली सही केलेली वही मिटवून टाकायची, हे मला भक्तीपेक्षा आळस वाटतं. (सत्संगातल्या मित्रानं रागावू नये. त्याला हे मी समोरासमोर बोललोय.)

तुकोबांची गोष्ट मात्र टाळता येईना. म्हणून ती नीट आठवून बघितली. मोरे घराणं सावकारीचं. मग तो दुष्काळ, १६३० च्या आसपासचा. माणसं, गुरं, दुकान, सगळं गेलं. तुकोबांनी जवळची माणसं गमावली. त्यानंतर लोकांकडून येणं असलेली खतं काढली गेली. आणि आपण सांगताना नेमका जो भाग गाळतो तो पुढे आहे. परंपरा सांगते की तुकोबांनी त्या खतांचे दोन वाटे केले. अर्धी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. फक्त स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

मी हे वाक्य वाचून बराच वेळ बसून होतो. केवढा काटेकोर माणूस! वैराग्याच्या त्या क्षणी, ज्या क्षणी कोणीही 'सगळंच बुडवा' म्हणाला असता, त्यांनी आधी वाटणी केली. भावाचा संसार होता, त्याची पोटं होती. कान्होबांच्या वाट्याचं वैराग्य तुकोबांनी परस्पर केलं नाही. आणि ज्यांची खतं बुडाली ते कोण होते? दुष्काळानं कंबर मोडलेले कुळंबी. देऊ न शकणारे. आलिशान गाडीतून साइटवर येणारे नव्हेत.

निर्मम हा शब्द मला तिथे उलगडला. ममत्व सोडायचं म्हणजे 'माझं' जे आहे ते सोडायचं. त्यासाठी आधी माझं किती आणि दुसऱ्याचं किती, ही वाटणी तर करायला हवी ना?

मग मीही कागद घेऊन बसलो. त्यानं फोनवर 'तुम्हा आयटीवाल्यांना काय कळतं' म्हटलं होतं, तो अपमान माझा. चार महिन्यांची झोप माझी. मित्रांसमोर 'फसला हा' असं झालं, तेही माझं. ही माझी खतं. पण दीड लाख आईचे. ते बाथरूम आईचं. ओलीची भिंत आजींची. विठोबाला लावलेली पिशवीही आजींचीच. आणि यादीत आणखी एक माणूस होता, ज्याचा विचार मी तोवर केलाच नव्हता, कारण तो यादीत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

फरशीचा मिस्त्री. लातूरकडचा, पस्तिशीचा, सोबत बिगारी म्हणून त्याचा भाचा. दोघांनी आमच्याकडे अकरा दिवस काम केलं. एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला. 'दादा, मालक फोन उचलेनात. तुमच्याकडं येतात का?' मिस्त्रीची हजेरी ११००, भाच्याची ७००, अकरा दिवसांचे १९,८००. उचल मिळाली ५,०००. बाकी १४,८००. भाच्याच्या आयटीआयची फी भरायची होती. मी म्हटलं, मी कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे दिलेत, माझ्याकडे तुमचं काही राहिलेलं नाही. हे कागदावर शंभर टक्के खरं होतं.

आई आतून वॉकर सरकवत आली. तिनं त्याला बसायला सांगितलं, चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, 'त्याचे पैसे दे. मग त्या कॉन्ट्रॅक्टरशी किती भांडायचं ते भांड.' मी नियम सांगायला लागलो, तर म्हणाली, 'घर माझ्यासाठी करताय ना? मग मजुरी बुडवलेल्या फरशीवर मी पाय नाही ठेवणार.'

यात माझा मोठेपणा काही नाही, तो मातोश्रींचा हुकूम होता. १४,८०० दिले, त्याच्याकडून सही घेतली, आणि ती रक्कम कॉन्ट्रॅक्टरकडच्या मागणीत जोडली. वकील म्हणाले की कायद्यानं हे तुमच्यावर नव्हतं, आणि ही रक्कम परत मिळेल याची खात्रीही नाही. मी म्हटलं, हो. 'निराशी' शब्दाचा सराव म्हणून १४,८०० फार महाग नाही.

आता सांगा, हे सगळं मी 'सोडून दिलं' म्हणून भिंतीवर टांगलं असतं तर मी काय सोडलं असतं? बहुतेक दुसऱ्यांचंच. दुसऱ्याचा वाटा नदीत टाकून स्वतःच्या नावावर वैराग्य जमा करणं फार सोपं असतं.

नोटीस लिहिताना उद्योगपर्व डोक्यात होतं. कुरुक्षेत्र ही शेवटची पायरी आहे हे आपण विसरतो. त्याआधी कृष्ण स्वतः शिष्टाईला गेला होता, भर सभेत बोलला होता. पांडवांचा हक्क अर्ध्या राज्याचा, आणि ते पाच गावांवर यायला तयार होते. मागणी खाली आणली, शून्य मात्र केली नाही. सुईच्या टोकाएवढीही जमीन नाही, हे उत्तर दुर्योधनाचं. म्हणून नोटिशीत आधी सगळी मागणी लिहिली आणि खाली माझी पाच गावं: आईचं बाथरूम नीट करून द्या, आजींची भिंत दुरुस्त करा, मिस्त्रीची मजुरी द्या. एवढं झालं तर ओट्याचे आणि बाकीचे पैसे मी मागणार नाही. एकही विशेषण वापरलं नाही. वकिलांनी दोन ठिकाणी 'कपटाने' घातलं होतं, ते मी काढायला सांगितलं. तारखा आणि आकडे पुरेसे होते.

ज्यांच्यावर अशी वेळ आलीये त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं, कारण इन्स्टावर विचारणारे बरेच असतात. पैसे घेऊन केलेलं असं काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली 'सेवा' धरली जाते आणि त्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. आधी फोनवर विचारायचं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. तारखा त्यापुढे जातात, तेव्हा 'निराशी' तिथेही सोबत ठेवा.

ताप पूर्ण उतरलाय असं मी म्हणणार नाही. परवा त्याच कंपनीची गाडी सिग्नलला शेजारी उभी राहिली आणि कान गरम झाले. पण 'लास्ट सीन' बघणं बंद झालंय. आणि एक नवीनच गोष्ट झाली. नोटीस पाठवल्याच्या रात्री नामस्मरणाला बसलो, तर तो माणूस आठवला, आणि पहिल्यांदा वाटलं, याच्या घरी काय चाललं असेल? साखळीत त्याच्याही वर कोणी त्याचे पैसे अडकवलेत का? नोटीस मागे घ्यावी असं मात्र वाटलं नाही. दोन्ही एका वेळी मनात राहू शकतात, हे मला माहीत नव्हतं. श्लोकाला ते माहीत असावं, नाही तर 'विगतज्वर' आणि 'लढ' शेजारी शेजारी कसे बसले असते?

नोटीस पोचल्याची पावती आलीये. पंधरा दिवस गुरुवारी संपतात. उत्तर नाही आलं तर शुक्रवारी तक्रार दाखल होईल, कागद तयार आहेत. इंजिनियरचा रिपोर्ट आणि फोटो झाल्यामुळे बाथरूम फोडायला आता हरकत नाही. रविवारपासून काम सुरू होतंय, आणि तोच लातूरचा मिस्त्री येतोय, या वेळी थेट आमच्याकडून हजेरीवर. थर वाळला की दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. आजींनी बजावलंय, पाणी भरशील तेव्हा आधी मला सांग, मी तिकडून भिंतीवर लक्ष ठेवते.

उद्या ३.३१. त्यात 'असूया' येते, तोही शब्द मराठीत येईपर्यंत थोडा बदललाय.

राम कृष्ण हरी.